आजोबांच्या छापखान्यातले खिळे खरंच जावजी दादाजींचे आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळच्या घरात आजोबांचा ट्रेडल (पायाने चालवायच्या) मशीनचा छापखाना होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली. पडवीत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या शिशाच्या अक्षरांच्या, अकरा केसेस (घरं पाडलेल्या लाकडी पेट्या) आहेत. खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली आहे. भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय, आणि घरातली थोरली माणसं म्हणताहेत की हे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे, तो काढणाऱ्या खुद्द जावजी दादाजींच्या हातचे खिळे आहेत, देऊ नका. ते खरं का, भुकटी कशी काढायची आणि पुतणीच्या लग्नाची पत्रिका यावर छापता येईल का, हे तुम्हाला हवं आहे.

‘कुणाचे’ हा प्रश्न घरात मोठा झालाय, पण खिळे ठेवायचे की नाही हे त्यावर ठरत नाही. संच पुरा आहे का आणि खिळ्यांचे माथे (अक्षर असलेली टोकं) शाबूत आहेत का, यावर ठरतं. अर्धा संच निर्णयसागरचा निघाला तरी त्यात एक ओळ जुळणार नाही, आणि अनाम कारखान्याचा पुरा संच अजून कितीतरी वर्षं छापेल. तरी ओळख पटवायची पद्धत सांगतो, कारण ती करताना संचाची तपासणीही आपोआप होते. पण सुरुवात भुकटीपासून. पाऊस तोंडावर आहे.

ही भुकटी म्हणजे वर बसलेली धूळ नव्हे, ते खिळ्याचंच गेलेलं शिसं आहे. खिळ्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण असतं. दमट हवा आणि लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ एकत्र आली की शिशाचा सफेदा तयार होतो. बंद केस, प्लायवूडचा तळ, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला केसेसचा घोडा (मांडणी) आणि वर कोकणातला पावसाळा, असं सगळं जुळून आलं तर खिळे फार लवकर खराब होतात. भुकटी फक्त पायाशी किंवा कुशीला (बाजूला) असेल तर खिळा वाचतो. माथ्यावर असेल तर पुसल्यावर खाली खड्डे दिसतील. त्यावर उपाय नाही.

साफ करताना एक चूक आपल्याकडे हमखास होते. पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लखलखीत होतात, म्हणून हात तिकडेच जातो. लिंबू, व्हिनेगर, कोकम, चिंच यांतलं काहीही शिशाला लावू नका. आम्ल हाच इथला रोग आहे. तारेचा ब्रशही नको, बारीक रेषा त्यानेच जातात. कोरडी भुकटी झटकायची नाही, फुंकायची तर मुळीच नाही, कारण ती विषारी आहे. हातमोजे आणि चांगला एन-९५ मास्क घाला, काम मोकळ्या पडवीत करा, खाली प्लास्टिक अंथरा. एका वेळी एकाच घरातले खिळे घ्या. पसरट थाळीत रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन ते त्यात बुडवा, मऊ ब्रशने बुडालेल्या अवस्थेतच घासा, सुती कापडावर माथा वर करून वाळवा. एकमेकांना चिकटलेले खिळे रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका, सुरीने उचकटू नका. रॉकेल आहे, तेव्हा आसपास चूल, विडी काही नको. काम चालू असताना चहा नको, मुलं जवळ नकोत, कपडे वेगळे धुवा. वापरलेलं रॉकेल आणि चिंध्या विहिरीच्या किंवा बागेच्या बाजूला टाकू नका, झाकणाच्या डब्यात भरून वेगळं ठेवा.

वाळलेले खिळे त्याच लाकडी केसमध्ये परत घालणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रंग दिलेले पत्र्याचे ट्रे किंवा झाकणाचे प्लास्टिक डबे घ्या, तळाला वर्तमानपत्र घालू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या वरचेवर तापवून कोरड्या करा. डबे जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून सुटे. शिसं जड असतं, एकावर एक रचताना फळी वाकते हे ध्यानात ठेवा. केस रिकामी करण्याआधी मात्र तिचा वरून फोटो काढा, प्रत्येक घर दिसेल असा. कुठल्या घरात काय होतं ही मांडणी आजोबांच्या हाताची आहे, एकदा मोडली की पुढे जुळवणाऱ्याचे महिने जातात.

आता ओळख. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत झाला आणि १८९२ मध्ये ते वारले. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले, ते थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली, आणि काम होतं खिळे घासण्याचं. हे ऐकायला हमालीचं वाटतं, पण देवनागरीत तेच मर्माचं आहे. रोमन अक्षराच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा असते, त्यामुळे खिळ्याच्या कुशीला धातूचा कंगोरा राहिला तरी वाचणाऱ्याला कळत नाही. देवनागरीची शिरोरेषा मात्र खिळ्याच्या अगदी कडेपर्यंत जाते. कुशीला केसभर कंगोरा राहिला की दोन अक्षरांमध्ये शिरोरेषा तुटते, आणि जास्त घासलं की रेषेचं टोकच जातं. ज्याने लहान वयात हजारो खिळे दगडावर घासले त्याला अक्षर कुठे बिघडतं हे बोटांनाच ठाऊक होतं. पुढे वेगवेगळ्या छापखान्यांत काम करून त्यांनी १८६४ मध्ये अक्षर ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्याचं कसब राणोजी रावजी आरू यांचं होतं. पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते पोलाद कडक करायचं, तांब्यात ठोकून साचा घ्यायचा, आणि त्या साच्यावर धातू ओतायचा. प्रत्येक आकाराला ठशांचा वेगळा संच. बारीक अक्षर म्हणजे मोठ्याचं लहान रूप नसतं. त्यात पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर शाई भरते आणि ‘थ’ आणि ‘य’ सारखे दिसू लागतात. निर्णयसागरच्या बारीक अक्षरातल्या संस्कृत ग्रंथांचा लौकिक झाला तो याच कसबामुळे. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची माला बघा, पोकळ्या किती स्वच्छ राहिल्यात ते भिंगाशिवायही दिसतं.

तुमच्या खिळ्यांबाबत यातून निघतं काय? जावजींच्या हयातीत ओतलेले खिळे तुमच्याकडे असण्याची शक्यता फार कमी. रोज चालणाऱ्या छापखान्यात खिळे झिजतात, जुने वितळवायला जातात आणि नवे येतात. जावजींमागे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारभार चालवला, कारखान्याचे खिळे इतर छापखान्यांना विकले जात, आणि वेंगुर्ल्यासारख्या बंदरात मुंबईचा माल बोटीने येई. तेव्हा ‘निर्णयसागरच्या घडणीचे’ असू शकतात, ‘जावजींच्या हातचे’ म्हणणं ताणणं होईल. शिवाय अक्षराचं वळण जुळलं म्हणून कारखाना जुळला असंही नाही. कुणाच्याही नव्या खिळ्यावर तांब्याचा मुलामा चढवून त्याचा साचा काढता येतो, म्हणजे दुसऱ्याचं वळण ठसा न कोरता उचलता येतं. अशा नकलेत कडा किंचित बोथट होतात, पण झिजलेल्या खिळ्यात तो फरक कळणं कठीण.

म्हणून वळणाकडे शेवटी बघायचं. आधी खिळ्याचं अंग बघा. एक खिळा उजेडात आडवा धरा. एका कुशीला आडवी खाच असेल, ती ओळ जुळवताना खिळा सुलटा आहे हे बोटाला कळावं म्हणून. एका संचातल्या सगळ्या खिळ्यांची खाच एकाच उंचीवर असते. ‘क’चे वीस खिळे खाच बाहेर करून स्टिकमध्ये (ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत) उभे केले तर खाचांची सरळ नाळी दिसायला हवी, मध्येच दात पडला तर तिथे दुसऱ्या संचाचा खिळा मिसळलाय. मग दुसरी कूस बघा. यंत्रावर ओतलेल्या बऱ्याच खिळ्यांवर तिथे लहान गोल खूण असते आणि त्या गोलात कधी कारखान्याचं नाव, कधी आकाराचा आकडा. नाव मिळालं तर पुढची सगळी मेहनत वाचली. शेवटी तळ. ओतताना राहणारी शेपटी तोडून तळाला खोबण मारलेली असेल तर खिळा फाउंड्रीचा, म्हणजे अक्षर ओतण्याच्या कारखान्याचा. तळ सपाट, खोबण नाही आणि धातू जरा मऊ असेल तर तो विसाव्या शतकातला मोनो (एकेक अक्षर ओतणाऱ्या) मशीनवरचा ओतीव असण्याची शक्यता जास्त. तालुक्याच्या छापखान्यात दोन्ही एकाच केसमध्ये सापडतात, त्यात नवल नाही.

यानंतर केस कुठल्या पद्धतीची आहे ते पाहा. देवनागरीची अडचण मुळात खिळ्यांच्या आकड्याची आहे, आणि ती याच किनाऱ्यावर पहिल्यांदा नोंदली गेली. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तिथले पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात लिहून ठेवलंय की इथल्या लिपीत पुस्तक छापायची फार इच्छा आहे, पण युरोपात चोवीस साच्यांवर भागतं तिथे या लिपीला सहाशे लागतील. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरपासून मुंबईपर्यंत देवनागरीचे खिळे ज्यांनी ज्यांनी केले त्यांनी या आकड्याशीच झुंज दिली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनीही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता.

मुंबईकडच्या छापखान्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे डिग्री पद्धत. ‘वेंगुर्ले’ हा शब्दच जुळवून बघा. डिग्रीत ओळ तीन मजल्यांची असते. मधल्या मजल्यावर व, ग, ल. व आणि ग कान्याशिवाय कोरलेले असतील तर त्यांचे काने वेगळे, म्हणजे पाच तुकडे. वरच्या मजल्यावर ‘व’च्या डोक्यावर मात्रा आणि अनुस्वार यांचा जोडतुकडा, ‘ग’वर कोरी जागा, ‘ल’वर मात्रा आणि रफार यांचा जोडतुकडा. खालच्या मजल्यावर ‘व’खाली कोरं, ‘ग’खाली उकार, ‘ल’खाली कोरं. एका शब्दाला अकरा तुकडे झाले. पण या तुकड्यांवर हवा तो शब्द जुळतो आणि केसमध्ये घरं आटोक्यात राहतात. याउलट अखंड पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीच्या अंगावर येतं आणि ‘गु’, ‘वे’ यांसारखी चिन्हांकित रूपं वेगवेगळे खिळे म्हणून असतात. जुळवायला सोपं, घरं मात्र भरमसाट.

तुमच्या केसमध्ये नुसत्या मात्रा, वेलांट्यांच्या कमानी आणि रफार यांचे बुटके तुकडे वेगळ्या घरांत असतील, शिवाय वेगवेगळ्या रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या असतील, तर ती डिग्री. जुन्या छापील पानावरही ती ओळखू येते: मात्रा आणि शिरोरेषेमध्ये केसासारखी पांढरी फट, आणि अधूनमधून अक्षरावरून सरकलेली मात्रा. डिग्री दिसली म्हणजे निर्णयसागर असं मात्र नाही, मुंबईच्या बाजूला ती सगळीकडे होती.

निर्णयसागरच्या बाजूने जरा वजनदार पुरावा म्हणजे जोडाक्षरांची घरं. ङ्क, ङ्ग, ह्म, ह्ण, द्ध, क्ष्म, अवग्रह हे सगळं भरपूर असेल तर तो संच पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला आहे. हँडबिलं आणि पावतीपुस्तकं छापणारा माणूस त्यात पैसे घालत नाही. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची आडवी कोयरी वेगळ्या घरात असेल तर संच मराठीसाठी घेतलेला. आणि ‘ण’ बघा: आजच्या सवयीचा ण असेल तर मुंबई वळण, ‘रा’सारखा दिसणारा असेल तर उत्तरेकडचं किंवा कलकत्त्याकडचं.

वळणाची तुलना सर्वांत शेवटी. निर्णयसागरचं नाव आणि साल छापलेलं एखादं पुस्तक मिळवा, सलग वीस ओळींची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि दहापट भिंगाखाली अ, झ, ण, ल, श आणि आकड्यांतले ५, ८, ९ पडताळा. ही अक्षरं घडणीप्रमाणे सगळ्यांत जास्त बदलतात. ट्रंकेतल्या पोथ्या तुलनेला घेणार असाल तर आधी त्या खिळ्यांवर छापलेल्या आहेत का हे तपासा. एकाच पानावरचे दहा ‘त’ बघा. तंतोतंत सारखे असतील तर खिळे. प्रत्येक ‘त’ थोडा निराळा आणि ओळ हलकीशी लवलेली असेल तर ती शिळाछाप, म्हणजे हाताने लिहून दगडावरून छापलेली. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांचं १८३१ चं पंचांग शिळाछापच होतं, आणि पोथ्या तर पुढेही बराच काळ दगडावर निघत राहिल्या. शिळाछाप पोथीशी खिळे जुळवून बघण्यात अर्थ नाही.

या सगळ्याहून पक्का पुरावा कागदाचा. आजोबांच्या चोपड्यांत खिळ्यांच्या खरेदीचं बिल किंवा कारखान्याचं नमुना-पुस्तक सापडलं तर वाद मिटला. केस नंतर काढा, कपाट आधी काढा.

संच पुरा आहे का हे ठरवायला सगळं मोजत बसायची गरज नाही. काना, अनुस्वार, मात्रा, र, त, न, क, य यांची घरं बघा. मराठीत आधी संपतो तो काना. शंभर शब्दांचा कुठलाही मजकूर घ्या, त्यात काने किती लागतात ते पेन्सिलने मोजा आणि घरातल्याशी ताडा. निम्मेही नसतील तर त्या संचात फार तर मथळे होतील. डिग्रीत वरच्या मजल्याचे तुकडे बारीक असल्यामुळे तेच हरवतात आणि तुटतात, तेव्हा ते वेगळे मोजा. झीज बघायला मायक्रोमीटर लागेल. आपल्याकडे चालणारी खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर. पन्नास खिळे मोजा. सगळे सारखेच दोन-तीन हजारांश इंचाने कमी भरले तर कागदामागे टिशूचा थर देऊन निभावतं. काही कमी, काही पूर्ण असं असेल तर छपाई डागाळलेली येणारच, मग कितीही दाब द्या.

पत्रिका छापता येईल का, हे या तपासणीनंतरच सांगता येईल, पण घाईने ट्रेडलवर चढू नका. आधी चार ओळी जुळवून गॅलीवर (जुळणी ठेवायच्या तबकावर) बांधा, रुळाने शाईचा पातळ हात फिरवा, वर पातळ कागद ठेवून हाताने दाबून प्रूफ काढा. कुठली मात्रा उडालीय, कुठली वेलांटी बोथट आहे हे इथेच दिसेल. मशीनवर घेताना आजकालच्या पत्रिकांसारखं अक्षर कागदात रुतवायचा मोह आवरा. तो दाब डिग्रीचे वरचे तुकडे झेलत नाहीत, शंभराव्या प्रतीपर्यंत निम्म्या मात्रा मोडतील. अक्षर कागदाला टेकलं पाहिजे, मागून उठलं नाही पाहिजे. लग्न पावसाळ्यानंतरचं असेल तरी छपाई मे महिन्यातच उरका. जून ते सप्टेंबर इथे कागद ओल धरून फुगतो, दुसऱ्या रंगाचा फर्मा (छपाईसाठी बांधलेली जुळणी) पहिल्यावर बसत नाही आणि तेलाची शाई वाळायचं नाव घेत नाही.

भंगारवाल्याला काही द्यायचंच झालं तर क्रम असा ठेवा: आधी माथ्यावर खड्डे पडलेले खिळे, मग तुटक्या रूळपट्ट्या (रेघा छापायच्या पट्ट्या). कोऱ्या जागा भरणारे तुकडे शेवटपर्यंत देऊ नका. ते बिनअक्षराचे म्हणून लोक आधी विकतात आणि मग डिग्रीचा वरचा मजला उभाच राहत नाही. बंदरावरचं कुणी जाळ्याच्या वजनांसाठी मागेल, त्यांनाही नाही म्हणा. अँटिमनीमुळे हा धातू ठिसूळ असतो, जाळ्याच्या दोरीवर चेपायला गेलं की तडकतो, आणि घरच्या चुलीवर वितळवला तर धूर घरभर. सगळा माल एकाच दिवशी उचलू देऊ नका. एका केसचं प्रूफ काढून, कान्याचं घर मोजून झालं की मगच ती केस ठेवायच्या किंवा द्यायच्या बाजूला सरकवा.